आतल्या माणसासाठी बाहेरून: कैद्यांच्या कुटुंबांनी आणि सुटून आलेल्यांनी काय करावे

कोलकात्यात खिदिरपूरची गोदी आणि बाजार मागे टाकून पूर्वेला निघाले, की प्राणिसंग्रहालयाच्या पलीकडे अलिपूरच्या तुरुंगांचा परिसर लागतो. त्यातला अलिपूर सेंट्रल तुरुंग आता रिकामा आहे. तिथल्या कैद्यांना बारुईपूरला हलवले आणि २०२२ पासून त्या वास्तूत संग्रहालय आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या कोठड्या पाहायला लोक तिकीट काढून जातात. जवळच्या प्रेसिडेन्सी तुरुंगात मात्र आजही माणसे आहेत, आणि त्यांना भेटायला येणारी त्यांची आई, बायको, भाऊही आहेत.

येरवडा असो, ठाणे असो की अलिपूर, भेटीला आलेल्या लोकांना तुरुंगाबद्दल बरेच ठाऊक असते. कोणाची गोळी बंद झाली, कोणाला तीन तारखा कोर्टात नेलेच नाही, कोणाचा जामीन होऊनही सुटका अडली, हे सगळे तिथे बोलले जाते. पण प्रत्येकाला आपल्या माणसापुरतेच ठाऊक असते आणि ते तोंडीच राहते. ही तोंडी माहिती कागदावर कशी आणावी आणि त्या कागदातून सगळ्यांच्या उपयोगाचा बदल कसा घडवावा, ते या लेखात सांगितले आहे.

सुधारणा कोणती, तेही सुरुवातीलाच स्पष्ट असावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ म्हणजे चारांतली तीन कच्चे कैदी होती. त्यांचा खटला संपलेला नव्हता. शंभरांच्या जागेत सरासरी एकशे एकतीस माणसे होती. पाण्याची रांग, संडासाची दैना, डॉक्टरची वाट पाहणे, झोपायला हातभर जागा, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी ही गर्दी आहे. ज्याला कायद्याने सुटायला हवे तो वेळेवर सुटला, तर बराकीत मागे राहिलेल्यांचीही थोडी सोय होते. म्हणून आपल्या माणसाच्या तारखा नीट मोजणे हीच सुधारणेची पहिली पायरी आहे.

पत्रांनी बदललेला कायदा

‘आमच्यासारख्यांचे कोण ऐकणार’ असे वाटत असेल, तर पुढची उदाहरणे जवळ ठेवा. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले होते. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा छळ केला, अशी ती तक्रार होती. पत्र लिहिणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९७९ च्या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्याचे आणि न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी देण्याचे आदेश निघाले.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडले. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेची खबर नातेवाइकाला देणे बंधनकारक केले. कोलकात्यातल्या विधी साहाय्य संस्थेचे दिलीपकुमार बसू यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. दहा वर्षांनी, १९९६ साली, त्यातून अटकेच्या वेळी पाळायचे नियम देशभर लागू झाले.

प्रत्येक वेळी कोणीतरी नेमके काय घडले ते लिहिले आणि योग्य पत्त्यावर पाठवले. मात्र किती वेळ लागला तेही विसरू नका. कोलकात्यातल्या अर्चना गुह या शिक्षिकेचा १९७४ साली लालबाजारच्या पोलीस मुख्यालयात छळ झाला. त्यांचे भाऊ सौमेन गुह यांनी १९७७ पासून तो खटला लावून धरला, आणि पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवणारा निकाल यायला १९९६ साल उजाडले. इतकी वर्षे नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवून खटला लढता येत नाही. त्यासाठी कागद सांभाळून ठेवावे लागतात.

पहिले काम: एक वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमधले फोटो हवेतच, पण मोबाइल हरवतो, बिघडतो, कधी जप्तही होतो. पहिल्या पानावर एवढे उतरवा: अटकेची तारीख, वेळ आणि ठिकाण, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि कलमे, न्यायालयाचे नाव, वकिलाचे नाव, खटल्याचा अक्षरे आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक. हा क्रमांक हाती असला की ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. ‘तारीख काय लागली’ एवढे विचारायला वकिलाच्या दाराशी बसावे लागत नाही.

अटकपत्रावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असायला हवी. अटकेची वेळ त्यावर लिहिलेली हवी. चोवीस तासांच्या आत माणूस दंडाधिकाऱ्यासमोर उभा केला गेला पाहिजे. यातले काही झाले नसेल तर त्याच दिवशी वहीत नोंद करा आणि वकिलामार्फत न्यायालयाच्या कानावर घाला. अंगावर मार दिसत असेल तर पहिल्याच हजेरीत दंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा. पंधरा दिवसांनी वळ राहत नाहीत.

पुढे प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी लिहा: तारीख, प्रकृती, औषधे मिळाली की नाही, मागच्या तारखेला कोर्टात नेले की नाही, काही नवे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर अर्ज पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

तारखा मोजा

सरकारी यंत्रणेकडे हजारो माणसांच्या तारखा असतात, तुमच्याकडे एकाच्या. म्हणून ही मोजणी तुम्ही करायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यातल्या तीन तरतुदी घरातल्या एका माणसाला तरी पाठ असाव्यात.

एक, दोषारोपपत्र. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कलम १८७ प्रमाणे जामीन हा हक्क होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत जास्त असते. हा हक्क मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले की तो हातचा जातो. म्हणून ५५ व्या किंवा ८५ व्या दिवशी वकिलाला आठवण करा आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज दाखल करून घ्या.

दोन, जामीनपात्र गुन्हा. अशा गुन्ह्यात माणूस एक आठवड्यात जामीनदार आणू शकला नाही, तर तो निर्धन आहे असे न्यायालयाने मानावे आणि स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडावे, असे कलम ४७८ सांगते.

तीन, अर्धी शिक्षा. कलम ४७९ प्रमाणे, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल तर जामिनाचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसासाठी ही मर्यादा एक तृतीयांश आहे. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते. संहिता लागू होण्याआधीच्या खटल्यांनाही ही तरतूद लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. वहीच्या शेवटच्या पानावर कमाल शिक्षा, तिचा तिसरा (किंवा निम्मा) हिस्सा आणि तो पूर्ण होण्याची तारीख लिहून ठेवा.

जामीन झाला, पण माणूस आतच

सर्वांत जास्त घरे इथे अडकतात. समजा, विट्याचा एक तरुण सोन्याच्या गलाईच्या धंद्यात कोलकात्याला गेला आणि खिदिरपूर भागातल्या एका गुन्ह्यात अडकला. अलिपूरच्या न्यायालयाने जामीन दिला, पण जामीनदार स्थानिक हवा म्हटले. वडिलांची शेती सांगली जिल्ह्यात. कोलकात्यात कोण उभे राहणार?

या प्रश्नाचे उत्तर १९७८ सालीच मिळालेले आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितले होते, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याचा जामीन नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही अट चुकीची ठरवली आणि त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला लावले. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. वकिलाला ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालाची आठवण करून द्या आणि शेतीचा सातबारा, तलाठ्याचा दाखला, आधार कार्ड यांच्या साक्षांकित प्रती तयार ठेवा.

३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचाही आधार घ्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. महिन्याभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. म्हणजे आठव्या दिवशी तुमचे एका पानाचे पत्र सचिवांकडे पोचले पाहिजे: ‘अमुक तारखेला जामीन झाला, अमुक रकमेअभावी सुटका अडली आहे, आदेशाप्रमाणे कार्यवाही व्हावी.’

पैशाअभावी अडलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आहे. तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम जिल्हास्तरीय समिती मंजूर करू शकते. अमली पदार्थ, दहशतवाद यांसारखे काही गंभीर गुन्हे तिच्यातून वगळलेले आहेत. भाड्याचा जामीनदार मिळवून देणारे दलाल न्यायालयाच्या आवारात भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीनही जातो आणि नवा गुन्हाही मागे लागतो.

वकील परवडत नसेल तर

तुरुंगात असलेल्या कोणत्याही माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. फोन १५१००. अलिपूरच्या प्रकरणासाठी दक्षिण २४ परगणा जिल्ह्याचे प्राधिकरण, महाराष्ट्रात आपापल्या जिल्ह्याचे प्राधिकरण आणि त्याचे लोक अभिरक्षक (मोफत बचाव वकिलांचे) कार्यालय. मोफत वकील म्हणजे निष्काळजी वकील, अशी तक्रार खूप ऐकू येते. काही वेळा ती खरीही असते. अशा वेळी गप्प न बसता, वकील किती तारखांना गैरहजर होता ते वहीतून उतरवून सचिवांना लेखी द्या आणि दुसरा वकील मागा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

परप्रांतातल्या तुरुंगात माणूस असला तर भाषेचाही अडसर येतो. तुरुंगातली पत्रे तपासली जातात, आणि तपासणाऱ्याला वाचता न येणाऱ्या भाषेतले पत्र अडून राहू शकते. मराठी पत्रासोबत त्याचा हिंदी मजकूर जोडा. अर्जावर ‘सुपरिंटेंडेंट, प्रेसिडेन्सी करेक्शनल होम’ असा अधिकृत पत्ता घाला, कारण बंगालमध्ये सरकारी कागदोपत्री तुरुंगाला हेच नाव आहे. ई-मुलाकात या पोर्टलवर आगाऊ नोंदणी करून व्हिडिओवर भेट मिळू शकते; प्रत्येक वेळी सांगली ते हावडा प्रवास करण्याची गरज नाही. स्थानिक ओळख लागलीच, तर हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात मराठी माणूस भेटेल.

एकाची तक्रार, दहांचे निवेदन

इथपर्यंतचे काम घरापुरते झाले. आता चार घरे एकत्र या. एकट्या आईने ‘माझ्या मुलाला औषध मिळत नाही’ म्हटले, की तो अपवाद ठरतो. वर मुलालाही आत त्रास होण्याची भीती असते. अकरा घरांनी मिळून ‘गेल्या दोन महिन्यांत चौदा वेळा लिहून दिलेले औषध मिळाले नाही’ म्हटले, तर तो तुरुंगाच्या कारभाराचा दोष ठरतो आणि कोणा एकाचे नाव पुढे येत नाही.

१९७१ साली पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ मिशेल फूको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरली. त्यांनी तुरुंगांच्या दारांवर भेटीसाठी उभ्या असलेल्या नातेवाइकांना प्रश्नावल्या दिल्या आणि आलेली उत्तरे पुस्तिकेच्या रूपात छापली. कैद्यांच्या वतीने बोलण्यापेक्षा त्यांच्याच तोंडची माहिती बाहेर आणणे हा त्यांचा हेतू होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या तुरुंगांत दैनिके वाचायला परवानगी मिळाली.

तुमची प्रश्नावली एका पानाची असू द्या. दहा प्रश्न पुरतात: भेटीसाठी किती तास थांबावे लागले? भेट किती मिनिटे झाली? थांबायला सावली, पाणी, संडास आहे का? गेल्या तीन तारखांपैकी किती वेळा न्यायालयात हजर केले? वकील शेवटचा कधी भेटला? आजारपणात डॉक्टर किती दिवसांनी मिळाला? लिहून दिलेले औषध मिळाले का? कुठे पैसे मागितले गेले का? पाठवलेले पैसे खात्यात किती दिवसांत जमा झाले? जामीन होऊनही किती दिवस सुटका झाली नाही?

तीन पथ्ये पाळा. उत्तर देणाऱ्याचे आणि कैद्याचे नाव कागदावर लिहू नका. क्रमांक द्या आणि नावांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा. आत असलेल्या माणसाची संमती घेतल्याखेरीज त्याची गोष्ट वापरू नका, कारण परिणाम त्याला भोगावे लागतात. ऐकीव आणि पाहिलेले यांची वेगळी नोंद करा. एक खोटी गोष्ट निघाली की बाकीच्या नऊ खऱ्याही उडवून लावल्या जातात.

मागणी निवडताना मोजता येईल अशी, आणि जिच्यावर निर्णय घेणे अधीक्षकाच्या किंवा जिल्हा न्यायाधीशांच्या हातात आहे अशी आधी घ्या. ‘तुरुंगातला अन्याय थांबवा’ या मागणीवर कोणी सही करून काही करू शकत नाही. ‘भेटीच्या जागी छप्पर, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी संडास महिन्याभरात व्हावा’ या मागणीवर करू शकतो. पहिली मागणी पदरात पडली की पुढच्या मागणीच्या वेळी लोक टिकून राहतात.

निवेदन कोणाकडे

पायरीपायरीने जा. आधी अधीक्षक. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि राज्याचे तुरुंग महानिरीक्षक. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती असते. तीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंग अधीक्षक असतात. रखडलेल्या जामिनांची यादी बैठकीआधी तिच्याकडे द्या. मारहाण, कोठडीतला मृत्यू, उपचार नाकारणे अशा गोष्टींत राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे थेट जाता येते. शुल्क नाही, मराठीत लिहिले तरी चालते. घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करावी.

माहितीचा अधिकारही हाताशी ठेवा. तुरुंगाची मान्य क्षमता आणि आजची संख्या, मंजूर आणि प्रत्यक्ष डॉक्टर, गेल्या वर्षी भरलेल्या आढावा बैठका, अशी माहिती दहा रुपयांच्या अर्जात मागता येते. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. ते कारण अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

सुटून आलेल्यांचे काम

आत काय चालते हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस गटात असला की गटाची ताकद दुप्पट होते. कोलकात्यातच याचा पुरावा आहे. नेपाळचा एक माणूस १९८० साली दार्जिलिंगमध्ये अटक झाल्यापासून खटला न संपताच तुरुंगात होता. दमदमच्या तुरुंगात त्याच्यासोबत राहिलेला एक कैदी सुटून बाहेर आला आणि त्याने ही गोष्ट पश्चिम बंगाल रेडिओ क्लबच्या हौशी रेडिओ चालकांच्या कानावर घातली. त्यांनी नेपाळमधले त्याचे घर शोधून काढले, कलकत्ता उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि मार्च २०२१ मध्ये, सुमारे ४१ वर्षांनी, तो माणूस घरी गेला. इतक्या वर्षांत कोणत्याही दप्तराला जे सुचले नाही, ते सुटलेल्या एका कैद्याच्या सांगण्याने झाले.

प्रेसिडेन्सी तुरुंगाच्या स्त्री विभागात राहिलेल्या मीनाक्षी सेन यांनी आपल्या पुस्तकात मानसिक आजारी म्हणून तिथे डांबलेल्या स्त्रियांबद्दल लिहिले. त्यांच्यापैकी अनेकींवर कोणताही गुन्हा नव्हता. पुढे शीला बारसे यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरवले. ते प्रकरण पश्चिम बंगालच्या तुरुंगांचे होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीवरून कामे वाटणारे तुरुंगांचे नियम रद्द झाले, तेही मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी जमवलेल्या माहितीच्या आधारे. त्या नियमांत पश्चिम बंगालच्या तुरुंग संहितेतलेही नियम होते.

मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातून नऊ वर्षांनी, २०१५ साली निर्दोष सुटले. आतच त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे त्यांचे ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक आले आणि ते दोषी ठरलेल्या बाकीच्यांसाठी बोलत राहिले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांपैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्याला सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

वकिली किंवा लेखन प्रत्येकाला जमेलच असे नाही. नायजेल अक्कारा यांनी वेगळी वाट धरली. २००७ पासून नृत्यांगना अलकनंदा रॉय यांनी कोलकात्यातल्या तुरुंगात कैद्यांना घेऊन रवींद्रनाथांचे ‘वाल्मीकि प्रतिभा’ बसवले, त्यात ते होते. सुटल्यावर त्यांनी साफसफाई आणि सुरक्षारक्षकांची सेवा पुरवणारी कंपनी काढली आणि सुटलेल्या कैद्यांना नोकऱ्या दिल्या. महाराष्ट्रात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून आणि अमरावतीची ‘वऱ्हाड’ संस्था कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करत आहेत. नोकरी, मुलांची शाळा, कागदपत्रे यांसाठी त्यांच्याकडे जा.

सुटलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सभेत उभे करू नका. काही महिने त्याला घर, झोप आणि काम यांत रुळू द्या. मग त्याच्याकडे तीन गोष्टी सोपवा: प्रश्नावली तपासणे (कोणता प्रश्न आतल्या माणसाला अडचणीत आणेल हे त्यालाच कळते), नव्याने अटक झालेल्यांच्या घरच्यांना पहिल्या आठवड्यात काय करायचे ते सांगणे, आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीत गटाबरोबर बसणे. जामिनावर असलेल्याने मात्र आपल्या अटी आधी वकिलाकडून समजून घ्याव्यात.

काय टाळावे

भेट लवकर मिळावी, सामान आत जावे म्हणून पैसे देऊ नका. एकाने दिले की दर ठरतो आणि तो सगळ्यांना भरावा लागतो. पैसे कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातच भरा. फाटकाशी किंवा भेटीच्या खोलीत चित्रीकरण करू नका. भेट बंद होण्याचे ते सोपे निमित्त ठरते. वार्ताहरांशी बोलायचे तर गटाने ठरवलेल्या एकानेच, हातात आकडे घेऊन बोलावे.

खटला आणि तुरुंग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुमच्या माणसाने गुन्हा केला की नाही हे न्यायालय ठरवेल. गटाने त्यावर मत देऊ नये आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्या फिर्यादीच्या घरावर दबाव तर मुळीच आणू नये. दोषी ठरलेल्यालाही पाणी, औषध, वकील आणि भेट हे मिळालेच पाहिजे, एवढीच तुमची भूमिका असू द्या. हिला कोणी विरोध करू शकत नाही. तुरुंगाचे शिपाईही याच गर्दीत बारा-बारा तास उभे असतात. त्यांच्याशी सौजन्याने वागा. एखादी अडचण कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने सुटेल, हे बहुधा त्यांच्याकडूनच कळते.

सुधारणेचा नमुना दूरदेशीच शोधायला नको. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभारली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तीच वसाहत होती. तिथे कैदी शेती करतो आणि त्याला कुटुंबासह राहता येते. शिक्षा झालेला तुमचा माणूस खुल्या कारागृहासाठी पात्र आहे का, त्याची संचित (फर्लो) आणि अभिवचन (पॅरोल) रजा किती शिल्लक आहे, हे अधीक्षकांना लेखी विचारा. उत्तरही लेखीच मागा.

सुरुवातीला या आठवड्यात एवढेच करा: वहीचे पहिले पान भरा, सीएनआर क्रमांक मिळवा, ६० किंवा ९० दिवस कधी संपतात ती तारीख लिहा आणि पुढच्या भेटीच्या दिवशी दोन घरांचे फोन नंबर घ्या. तीन घरे झाली की रविवारी तासभर बसा. त्या बैठकीतून प्रश्नावलीचे एक पान, यादी सांभाळणारा एक माणूस आणि पुढच्या बैठकीची तारीख, या तीन गोष्टी ठरवूनच उठा.